मॅनर हाउसची सहल: ‘मुलांना आणू नये’ ते खेळाचं मैदान

लंडनलगतच्या ट्विकनहॅममध्ये होरेस वॉल्पोल या लेखकाचं स्ट्रॉबेरी हिल हे घर पाहायला एवढी माणसं यायला लागली, की १७८४ मध्ये त्याने नियमच छापून घेतले. आधी परवानगीची चिठ्ठी मिळवायची. १ मे ते १ ऑक्टोबर एवढ्याच काळात यायचं, तेही दुपारी बारा ते तीन. दिवसाला एकच मंडळी, आणि तीत चाराहून जास्त माणसं नकोत. शिवाय एक ताकीद: सोबत मुलं आणू नयेत.

आज इंग्लंडमध्ये जुनं मॅनर हाउस (जमीनदाराचं घर) पाहायला जाणं म्हणजे मुलांना घेऊन दिवस घालवणं. तिकीट काढायचं, दोन तास घरात, मग बागेत हुंदडायचं, घोड्यांच्या जुन्या पागेत चहा आणि स्कोन. ही उलटापालट मालकांच्या मनाच्या मोठेपणामुळे झाली असं समजू नये. तिच्यामागे गव्हाचा भाव आहे, मृत्यूनंतर भरावा लागणारा कर आहे आणि मोटारगाडी आहे.

मॅनर हा शब्द मुळात घराचा नव्हेच. मॅनर म्हणजे जहागीर: मालकाची स्वतःची जमीन, कुळांची जमीन, गायरान आणि तंटे सोडवणारी मालकाची कचेरी, हे सगळं मिळून. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत इंग्लंडची मोजदाद मुख्यतः या मॅनरांप्रमाणेच केलेली आहे. मालक जिथे राहायचा ते मॅनर हाउस. त्याचं काळीज म्हणजे हॉल, छपरापर्यंत उंच असलेली एकच मोठी खोली. एका टोकाला चौथऱ्यावर मालकाचं मेज, दुसऱ्या टोकाला लाकडी आडोसा आणि त्यामागे दोन दारं. एक पावाच्या कोठीचं, दुसरं बिअरच्या पिंपांच्या कोठीचं. ‘बटरी’ या नावावरून तिथे लोणी ठेवत असतील असं वाटतं, पण ते नाव पिंपावरून आलेलं आहे. आगीच्या भीतीने मुदपाकखाना बहुधा वेगळा बांधत. ही रचना डोक्यात ठेवून आत गेलं तर पुढच्या शतकांत घातलेल्या भिंती आणि जिने आपोआप वेगळे दिसू लागतात.

केंटमधल्या सेव्हनोक्सजवळचं इथम मोट हे याचं उत्तम उदाहरण. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं घर, चारही बाजूंनी पाण्याचा खंदक, मध्ये चौक. चौकात १८९१ मध्ये सेंट बर्नार्ड कुत्र्यासाठी बांधलेलं खुराडं आहे, आणि त्यालाही घराइतकाच, म्हणजे पहिल्या श्रेणीचा, कायदेशीर संरक्षित दर्जा आहे. मुलं हॉलपेक्षा तिथेच जास्त रेंगाळतात.

अठराव्या शतकात घर दाखवण्याचं काम हाउसकीपर बाई करायची आणि पाहुणे तिच्या हातावर नाणं ठेवायचे. हा मामला बरे कपडे आणि स्वतःची बग्गी असलेल्यांपुरता होता. रेल्वेने तो मोडला. १८४९ मध्ये डर्बीशरमधल्या रोझलीपर्यंत गाडी पोचली आणि त्या उन्हाळ्यात जवळच्या चॅट्सवर्थ या वाड्याला सुमारे ८०,००० माणसं येऊन गेली. तिथल्या सहाव्या ड्यूकचा हुकूम होता की येईल त्या प्रत्येकासाठी कारंजी सोडायची, कुणालाही वगळायचं नाही.

मग पैसा आटला. १८७० च्या दशकापासून अमेरिकेचा स्वस्त गहू जहाजांनी येऊ लागला, भाव निम्म्याच्याही खाली गेले आणि शेतीचा खंड घटला. ही घरं त्या खंडावरच उभी होती. १८८२ च्या कायद्याने वंशपरंपरेने बांधलेली जमीन आणि चित्रं विकायची मोकळीक दिली. १८९४ मध्ये अर्थमंत्री सर विल्यम हार्कोर्ट यांनी वारसांकडून घ्यायचा इस्टेट ड्यूटी हा कर आणला. सुरुवातीला वरचा दर ८ टक्के होता. १९१९ मध्ये ४० आणि पुढे ८० टक्क्यांपर्यंत गेला. पहिल्या महायुद्धात काही घराण्यांत बाप आणि मुलगा पाठोपाठ गेले. विसाव्या शतकात हजाराहून अधिक मोठी घरं पाडली गेली. १९५० चं दशक सर्वात वाईट.

पाडणं म्हणजे नुसता सुरुंग लावणं नव्हे. आधी शिसं, संगमरवरी शेकोट्या, दारं, छताचं गिलावाकाम सुटं करून विकायचं आणि मग उरलेल्या भिंतींवर घण. रेडिंगच्या वायव्येला असलेल्या बेसिल्डन पार्कमध्ये ही गोष्ट खोल्याखोल्यांत दिसते. हे मध्ययुगीन मॅनर नव्हे. मुर्शिदाबादच्या नवाबाच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी, असलेल्या फ्रान्सिस साइक्सने बंगालमध्ये कमावलेल्या पैशातून १७७६ ते १७८३ दरम्यान ते बांधलं. वास्तुविशारद यॉर्कचा जॉन कार. १९२०-३० च्या सुमारास अख्खं घर सुटं करून अमेरिकेला पाठवायचा घाट घातला गेला. तो फसला, पण जेवणाच्या दालनातलं काही गिलावाकाम न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात गेलंच. १९५० च्या दशकात इलिफ दांपत्याने ओसाड घर विकत घेतलं. कारनेच काम केलेलं लिंकनशरमधलं पँटन हॉल तेव्हा मोडीत निघत होतं. त्याची महोगनीची दारं त्यांनी आणली आणि ती इथल्या चौकटींत बिनतक्रार बसली. दोन घरं, दोन परगणे, माप एकच. १९७८ मध्ये त्यांनी घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं. रेडिंग-स्लाव भागातल्या मराठी कुटुंबांना हे अगदी हाताशी आहे. दिवाणखाना पाहताना ही दौलत कुठल्या मुलखातून आली हे मुलांना जरूर सांगावं. ट्रस्टने स्वतःच २०२० च्या अहवालात वसाहतवाद आणि गुलामगिरीशी संबंध असलेल्या ९३ वास्तूंची नावं दिली आहेत.

भारताचा आणखी एक धागा कर्झनचा. बंगालच्या फाळणीसाठी आपण त्याला ओळखतो. पण भारतातली जुनी स्मारकं राखण्याचा १९०४ चा कायदाही त्याचाच. परत गेल्यावर १९११ मध्ये त्याने लिंकनशरचा टॅटरशल कॅसल विकत घेतला आणि परदेशी निघालेल्या तिथल्या शेकोट्या सोडवून आणल्या. ब्रिटनमध्ये त्या तोडीचा कायदा १९१३ चा, म्हणजे आपल्यानंतर नऊ वर्षांनी.

ऑक्टाव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली यांनी १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्ट काढला तेव्हा त्यांना मुख्यतः मोकळ्या जागा राखायच्या होत्या. त्यांनी घेतलेली पहिली इमारत १८९६ मधलं आल्फ्रिस्टनचं गवताने शाकारलेलं पाद्रीघर, किंमत १० पौंड. बड्या घरांचा प्रश्न लॉर्ड लोथियन यांनी १९३४ मध्ये ट्रस्टच्या सभेत मांडला. १९३७ च्या कायद्यातून योजना झाली: घर ट्रस्टला द्या, कर माफ, कुटुंबाने तिथेच राहावं, पण लोकांना आत येऊ द्यावं. मेख पुढेच होती. घरासोबत त्याच्या देखभालीपुरतं उत्पन्न देणारी जमीन किंवा रोख ठेवही द्यावी लागे. ती नसेल तर ट्रस्ट चांगलं घरही नाकारत असे, आणि ते बरोबरच होतं: फुकट मिळालेलं गळकं छप्पर हे दान नसून कर्ज असतं. १९४० मध्ये लोथियन वारले आणि त्यांचं नॉरफकमधलं ब्लिकलिंग हॉल या योजनेतून ट्रस्टकडे आलं.

ज्यांना घर सोडायचं नव्हतं त्यांनी तिकीट लावलं. १ एप्रिल १९४९ रोजी बाथच्या सहाव्या मार्क्वेसने (हा सरदारकीचा किताब) आपलं लाँगलीट हे घर अडीच शिलिंगाला उघडलं. १९५० मध्ये पेट्रोलचं रेशनिंग संपलं, गाड्या आल्या आणि गाड्यांतून मुलंही. बंद खोल्यांतली तैलचित्रं मुलांना अर्धा तासही धरून ठेवत नाहीत हे मालकांना लवकरच कळलं. १९६६ मध्ये लाँगलीटमध्ये सिंह आले. १९५३ पासून सरकारी दुरुस्ती-अनुदान मिळू लागलं, आणि त्यासोबत घर लोकांना दाखवण्याची अट येऊ लागली. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा आठ हजारही सभासद नसलेल्या ट्रस्टचे १९८१ मध्ये दहा लाख झाले आणि २०१७ मध्ये पन्नास लाख. इथम मोट १९८५ मध्ये चार्ल्स हेन्री रॉबिन्सन या अमेरिकन मालकाकडून ट्रस्टकडे आलं. १९८९ ते २००४ अशी पंधरा वर्षं त्याची दुरुस्ती चालली आणि खर्च सुमारे १ कोटी पौंड झाला.

घरातले आजचे नियम मात्र वॉल्पोलसारखे लहरीतून आलेले नाहीत. खोल्या अंधाऱ्या असतात, कारण पडदे, गालिचे आणि जलरंगांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच उजेड पडू दिला जातो. उडालेला रंग परत येत नाही, आणि उजेडाचं नुकसान वर्षानुवर्षं साठत जातं. दारातून आत आल्यावर डोळे सरावायला दहा मिनिटं द्यावीत, मग भिंतीवरचं विणकाम दिसायला लागतं. हिवाळ्यात गारठा जाणवतो, कारण तापमानासाठी नव्हे, तर हवेतला दमटपणा ठरावीक पट्ट्यात राहावा म्हणून हीटर चालवतात. हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं आणि वरचा पातळ थर सुटतो. दमट झाली की बुरशी आणि कीड. स्वेटर न्यावा. टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत, कारण माणसाचं सगळं वजन नखाएवढ्या जागेवर येऊन ओकच्या फळीत खळगा पडतो. पाठपिशवी पुढे घ्यायला सांगतात, कारण वळताना ती मागच्या चिनीमातीच्या भांड्याला लागते. खुर्चीवर पाटी नसून पाइनचं सुकं फळ किंवा काटेरी बोंड ठेवलेलं असतं. ते उचलून बसायचं नसतं. पाहुण्यांना अडवणारी दोरी सामानाच्या आणखी थोडी जवळ का नाही बांधत, असं विचारणाऱ्यांनी धुळीचा विचार करावा: ती बव्हंशी पाहुण्यांच्याच कपड्यांतून झडते, आणि माणूस जितका जवळ तितकी ती पलंगाच्या झालरीवर जास्त. दरवेळी झटकलं की रेशीम झिजतं.

चहाघर पागेत असतं तेही याचमुळे. खाण्याचे कण, वाफ आणि चुली मुख्य घरापासून लांब राहतात. मोटारी आल्यावर पागा तशाही रिकाम्याच होत्या. बाबागाडी मात्र बऱ्याच घरांत अजूनही दाराशीच ठेवायला लागते. चिंचोळ्या वाटांत तिची चाकं दारांच्या चौकटींना घासतात. त्याऐवजी बाळाला अंगाशी बांधून घ्यायची झोळी पुष्कळ ठिकाणी उसनी मिळते. तिकिटाच्या खिडकीवरच विचारावं. मोजक्याच असतात, आणि सुटीच्या दिवशी लवकर संपू शकतात.