सीलंटखाली कीड कोंडते? नाही हो!

सीलंट म्हणजे दाढेच्या वरच्या खाचा बंद करणारा रेझिनचा (प्लास्टिकसारखा) पातळ थर. "दाढेवर सीलंट लावलं की कीड आत कोंडते आणि दात आतून सडतो" हे पालकांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतंय, आणि त्यापायी पोरांच्या चांगल्या दाढा जातायत म्हणून लिहितेय. किडीचे बॅक्टेरिया जगतात आपण खाल्लेल्या साखरेवर, खाच वरून नीट बंद झाली की ती रसदच तुटते, म्हणून खड्डा न पडलेली सुरुवातीची कीडसुद्धा सीलंटखाली सहसा वाढत नाही, थांबते. खड्डा पडला असेल तर मात्र फिलिंगच लागतं. सीलंट लावायला ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, दाढ साफ करून जेल लावतात, धुऊन कोरडी करतात, पातळ रेझिन सोडून निळ्या लाईटने कडक करतात, झालं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनुसार सीलंटमुळे मागच्या दातांची ८०% कीड २ वर्षं टळते.

खरी गोची वेगळीच आहे. साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते ती कुठलाही दात न पडता मागून येते, त्यामुळे घरात सगळे तिला दुधाचीच समजतात, आणि ब्रशचे केस तिच्या खाचेत नीट शिरतही नाहीत. सीलंट झिजतं, कधी तुकडा उडतो, दर चेकअपला बघून घ्या. ब्रश आणि फ्लोराइड पेस्ट चालूच ठेवा, दोन दातांच्या फटीत सीलंट पोचत नाही.