मोपेडचं इंजिन सायकलवर का सहज बसत नाही?

जुन्या मोपेडचं इंजिन दुरुस्त करून सायकलला जोडायला बसलं की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. इंजिन सुरू होतं, सायकलही धड असते, पण माउंटिंग फ्रेमला जुळत नाही, चेन सरळ रेषेत येत नाही आणि पायडल इंजिनाच्या कवचाला घासतात. ही अडचण समजायची तर मागे जावं लागतं, कारण सायकलला जोडायची इंजिनं आणि मोपेडची इंजिनं ही दोन वेगळी घराणी आहेत.

इंजिन सायकलवर नेमकं कुठे ठेवायचं, हा प्रश्न सव्वाशे वर्षांचा आहे. पॅरिसमधल्या वेर्नर बंधूंनी १८९७ मध्ये ते पुढच्या चाकाच्या वर बसवलं. वजन उंचावर गेल्याने गाडी ओल्या रस्त्यावर घसरे. १९०१ मध्ये त्यांनी इंजिन खाली आणलं, साध्या सायकलीत पायडलची धुरी जिथे असते त्या भागात. मोटारसायकलची बांधणी पुढे याच जागेभोवती स्थिरावली. सायकलवाल्यांना मात्र ती जागा सोडवत नव्हती, कारण तिथे पायडल हवे होते. म्हणून पुढची पन्नास वर्षं इंजिन हँडलपुढे, फ्रेमच्या त्रिकोणात, मागच्या चाकाशेजारी, अगदी हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आतही बसवून पाहिलं गेलं.

या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ. लोकांना कामावर जायचं होतं, पण मोटारी नव्हत्या, पेट्रोल तुटपुंजं होतं आणि हाताशी होती ती सायकल. जपानमधल्या हमामात्सुत सोइचिरो होंडा यांच्या हाती १९४६ मध्ये लष्कराच्या बिनतारी यंत्रांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं लागली. युद्ध संपल्यावर ती पडून होती. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून चक्क गरम पाण्याची शेकायची बाटली लावली होती. इंजिन आधी पुढे ठेवून रबरी रोलरने पुढचं चाक फिरवून पाहिलं, पण टायर टिकेना. मग पट्ट्याने मागचं चाक फिरवायचं ठरलं. जुन्या इंजिनांचा साठा संपल्यावर १९४७ मध्ये त्यांनी स्वतःचं ५० सीसीचं इंजिन बनवलं. म्हणजे दुसऱ्याच कामासाठी बनलेलं इंजिन सायकलला लावायची ही कला हौशी लोकांच्या शेडमध्ये जन्मलेली नाही. होंडाच्या उद्योगाची सुरुवातच तिच्यातून झाली.

युरोपातही त्याच सुमारास हेच चाललं होतं. इटलीत गॅरेली कंपनीचं ३८.५ सीसीचं 'मॉस्किटो' पायडलच्या खाली टांगलं जाई आणि रोलरने मागच्या टायरला फिरवी. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या डुकाटीने ४८ सीसीचं 'कुच्चोलो' हाती घेतलं. ते चार स्ट्रोकचं होतं, त्याला दोन गिअर होते आणि ताकद सायकलच्याच चेनमधून मागच्या चाकाला मिळे. फ्रान्समध्ये १९४६ पासून 'वेलोसोलेक्स' विकली जाऊ लागली. तिचं इंजिन पुढच्या चाकावर होतं आणि लिव्हर ओढला की रोलर टायरपासून सुटे. पावसात रोलर घसरतो आणि टायर झिजवतो. तरीही ती दशकानुदशकं चालली, कारण ताकद अगदी थोडी होती आणि वेग ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या आसपास. सायकलचे आरे, टायर आणि ब्रेक त्याला पुरे पडत.

मग लोकांना जास्त वेग आणि मजबुती हवीशी झाली, आणि कारखान्यांनी उलटा विचार केला: सायकलला इंजिन शोधण्याऐवजी इंजिनासाठीच गाडी बांधायची. १९५३ मध्ये आलेल्या जर्मन एनएसयू क्विकलीची फ्रेम पत्रा दाबून घडवलेली होती आणि इंजिन ४९ सीसीचं. तिच्या दहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. सुटी इंजिनं त्याच दशकात मागे पडली. मोपेडला पायडल राहिले, पण आता ते इंजिनाच्या सोयीने बसवले जाऊ लागले. अनेक इंजिनांत पायडलची धुरी थेट इंजिनाच्या कवचातून आरपार जाते. असं इंजिन साध्या सायकलवर बसवायचं तर फ्रेमचा तळ कापून इंजिन तिथे टांगावं लागतं, म्हणजे वेर्नर बंधूंच्या १९०१ च्या जागेवर यावं लागतं. नाहीतर त्रिकोणात बसवून मागच्या चाकाला डाव्या बाजूने दुसरी चेन द्यावी लागते.

१९६० नंतरची एक गियरची इंजिनं, उदाहरणार्थ ऑस्ट्रियाच्या पुख मॅक्सीचं, या कामाला जास्त सोयीची. त्यांच्यात सेंट्रिफ्युगल क्लच असतो. इंजिनाच्या फिरण्याचा वेग वाढला की तो आपोआप इंजिन चाकाशी जोडतो, कमी झाला की सोडतो, त्यामुळे हँडलवर क्लचचा लिव्हर लागत नाही. फ्लायव्हील मॅग्नेटोमुळे, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकातून ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्रणेमुळे, बॅटरीही लागत नाही, म्हणूनच वर्षानुवर्षं पडून राहिलेलं इंजिन पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे धातूचे संपर्क) घासून स्वच्छ केल्यावर अनेकदा ठिणगी देतं. नुसत्या ठिणगीवर मात्र भुलू नये. क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचे, ऑइल सील रबराचे असतात, ते कडक होऊन फटी पडतात. टू-स्ट्रोकमध्ये त्या फटीतून हवा आत शिरली की मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं, पेट्रोलबरोबर येणारं तेलही कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. इंजिन बसवण्याआधी सील बदललेच पाहिजेत.

त्याहून मोठा प्रश्न ब्रेकचा. मोपेडचं इंजिन ताशी ४० ते ५० किलोमीटरसाठी बनलेलं असतं आणि मूळ गाडीत त्याला ड्रम ब्रेक, जाड आरे आणि सस्पेंशन यांची जोड असते. वेग २५ वरून ५० झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. रिमला रबर घासणारे साधे ब्रेक त्या कामासाठी कधीच नव्हते. म्हणून अशा सायकलीत आधी मोपेडचाच ड्रम हब असलेलं चाक बसवावं, इंजिन नंतर.