हानी न्यूनीकरण (अमली पदार्थविषयक धोरण)

अमली पदार्थ घेणारा माणूस आज ते सोडणार नसला, तरी त्याला एचआयव्ही किंवा ‘सी’ प्रकारची कावीळ होऊ नये, जास्त मात्रेने त्याचा जीव जाऊ नये, हे आधी पाहणारे धोरण. मराठीत रुळलेला शब्द ‘व्यसनमुक्ती’. त्यात सोडणे हीच अट असते. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची घडणही त्याच विचाराची. हानी न्यूनीकरणात ही अट मागे राहते. निर्जंतुक सुया-सिरिंज, पर्यायी औषध आणि जास्त मात्रा झाल्यास तिचा परिणाम उलटवणारे नॅलोक्सोन ही त्याची मुख्य साधने.

भारतात हे धोरण गर्दुल्ल्यांविषयीच्या कळवळ्यातून आले नाही, एड्सच्या धास्तीतून आले. मणिपुरात म्यानमारच्या बाजूने येणारे हेरॉइन शिरेत टोचून घेतले जाई आणि एकच सुई हातोहात फिरे. १९९० च्या सुमारास तिथे एचआयव्ही झपाट्याने पसरला. १९९६ मध्ये त्या राज्याने आपल्या एड्स धोरणातच हानी न्यूनीकरण स्वीकारले. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७–१२) ते देशभर पोहोचले.

पर्यायी औषध म्हणजे हेरॉइनची तलफ भागवणारे औषध, बहुधा ब्यूप्रेनॉर्फिन. केंद्रावर परिचारिका गोळीचा चुरा करून रुग्णाच्या जिभेखाली ठेवते. तो विरघळेपर्यंत रुग्णाने समोर बसायचे, मग तोंड उघडून दाखवायचे. गोळी खिशातून बाहेर गेली, तर ती पाण्यात विरघळवून टोचली जाते, म्हणून हा पहारा. रोजच्या या फेरीने ‘टर्की’, म्हणजे गर्द न मिळाल्यावर होणारी अंगदुखी, जुलाब, तळमळ, टळते आणि माणूस कामावर जाऊ शकतो.

कायदा मात्र वेगळ्याच दिशेला उभा आहे. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम २७ नुसार हेरॉइनच्या नुसत्या सेवनालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला कलम ६४अ खटल्यातून सूट देते. पण आरोग्य खात्याने दिलेली सुई पोलिसाला सेवनाचा पुरावाच वाटते. याच कायद्यात मोठ्या तस्करीच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी असलेल्या सक्तीच्या फाशीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देणारी संस्था इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क होती. २०११ मध्ये न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. फाशी न्यायाधीशाच्या मर्जीवर राहिली. २०१४ च्या दुरुस्तीत व्यसनींच्या उपचाराबरोबर ‘व्यवस्थापन’ हा शब्द आला. पर्यायी औषधाला कायद्यात जागा मिळाली ती अशी, एका शब्दाच्या आडून.

पोर्तुगालने जुलै २००१ पासून दहा दिवसांच्या वापराइतका साठा फौजदारी गुन्ह्यातून वगळला. हेरॉइनसाठी ही मर्यादा एक ग्रॅम. सापडलेला माणूस न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या आयोगापुढे जातो. (भारतीय कायद्यात हेरॉइनचे ‘अल्प प्रमाण’ पाच ग्रॅम आहे, पण तेवढ्यालाही तुरुंग आहेच.) विक्री तिकडेही गुन्हाच, आणि मेथाडोन (आणखी एक पर्यायी औषध), सुया व निवाऱ्यावर सरकारने केलेला खर्च वगळून केवळ कायदाबदलाला श्रेय देणे चुकीचे ठरेल. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२० च्या जनमताने तोच मार्ग धरला, पण उपचारांची सोय वेळेत उभी राहिली नाही. २०२४ मध्ये तिथे बाळगणे पुन्हा गुन्हा झाले.

जागतिक बंदी मुख्यतः १९६१, १९७१ आणि १९८८ च्या तीन करारांवर उभी आहे. व्हिएन्नातील संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाच्या ठरावात ‘हानी न्यूनीकरण’ हे शब्द पहिल्यांदा आले ते मार्च २०२४ मध्ये, तेही एकमताच्या प्रथेला फाटा देऊन मतदानाने. रशिया आणि चीन विरोधात होते.