यीस्टमधल्या लसीचा कण नेमका जुळतो कुठे?

हिपॅटायटिस-बीची पहिली लस अमेरिकेत 1981 मध्ये आली, तीही माणसाच्या रक्तातून. विषाणू बाळगणाऱ्यांच्या प्लाझ्मातून (रक्तद्रवातून) विषाणूचं पृष्ठभागीय प्रथिन त्यासाठी वेगळं काढत. एड्सची धास्ती पसरल्यावर रक्तातली लस कुणालाच नकोशी झाली. ई. कोलाय या जिवाणूमध्ये या प्रथिनाची डाळ फारशी शिजली नव्हती. 1982 मध्ये बेकरीच्या यीस्टमध्ये त्याचं जनुक घातलं, पेशी फोडल्या, तर रसात रक्तातल्यासारखे सुमारे 22 नॅनोमीटरचे, या प्रथिनाचेच जुळून झालेले कण दिसले. 1986 मध्ये लसीला परवानगी मिळाली.

तेव्हापासून 'यीस्ट कण बनवतं' हे वाक्य रूढ झालं. इथेच गोची आहे. हे प्रथिन यीस्ट बाहेर सोडत नाही. ते पेशीतल्या पटलांत रुतून बसतं. म्हणून पेशी फोडायच्या, डिटर्जंटने ते सोडवायचं, सेंट्रिफ्यूज, सिलिकावर शोषण, मग कॉलम, म्हणजे प्रथिन वेगळं काढणारी भरलेली नळी. 2011 मध्ये पिकिया या दुसऱ्या यीस्टचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहिले, तेव्हा पेशीत प्रथिनाने भरलेल्या पटलांच्या चळती होत्या, सुटे कण नव्हते. कण जुळतात ते शुद्धीकरणात. बेकरीच्या यीस्टच्या एका जुन्या प्रक्रियेतही डायसल्फाइड बंध (प्रथिनाला जोडून धरणारे गंधकाचे दुवे) पक्के व्हावेत म्हणून थायोसायनेट या रसायनाची पायरी होतीच. मग शुद्धीकरणाला निव्वळ साफसफाई का समजायचं? जनुक तेच ठेवून पायऱ्या बदलल्या तर लस तीच राहील असं गृहीत धरता येत नाही. पाठ्यपुस्तकं मात्र फर्मेंटरपाशीच, म्हणजे यीस्ट वाढवायच्या टाकीपाशीच, रेंगाळतात.

पिकियाची वाट वेगळी. 1970 च्या दशकात एका तेल कंपनीने पशुखाद्यासाठी मिथेनॉलवर ते वाढवायला घेतलं. तेल महागलं आणि हिशेब कोलमडला. पण मिथेनॉल दिसताच जोरात चालू होणारा प्रमोटर, म्हणजे जनुकाची कळ, हाती लागला. 1997 मध्ये हैदराबादच्या एका कंपनीने याच यीस्टमधून भारतातली पहिली रिकॉम्बिनंट (जनुक घालून बनवलेली) हिपॅटायटिस-बी लस आणली आणि आयात लसीचे शेकड्यांतले भाव उतरले. पुण्यातल्या लसीसाठी हॅन्सेन्युला हे मिथेनॉलवरच वाढणारं दुसरं यीस्ट निवडलं गेलं.

डिसेंबर 2021 मध्ये मंजूर झालेली कोविडची लस कोर्बेव्हॅक्सही पिकियातलीच. तिथे प्रथिन बाहेर स्रवतं, पेशी फोडाव्या लागत नाहीत. पण यीस्ट प्रथिनावर साखरेच्या लांब साखळ्या चढवतं, म्हणून साखर लागण्याची एक जागा जनुकातूनच काढली. प्रथिनं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून एका सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जागी अॅलनिन हे दुसरं बसवलं. कॉलमवर निस्तरायची कटकट इथे आधी जनुकातच मिटवली होती.