राग ऐकून कंपवात जात नाही. ठेक्याने चाल मात्र सुधारते

‘रोज अमुक राग ऐका, पार्किन्सन्स (म्हणजेच कंपवात) बरा होतो,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खोटा आहे. मेंदूत घटलेलं डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) कोणताही राग भरून काढत नाही, त्यामुळे गोळ्या थांबवू नयेत.

उपयोग होतो तो ठळक, एकसारख्या ठोक्याचा. या आजारात हालचालींची आतली लय बिघडते. बाहेरचा ठोका पावलाला वेळ दाखवतो. म्हणून संथ आलाप इथे कुचकामी (मन रमेल, तो भाग वेगळा). मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं यंत्र) किंवा स्वच्छ वाजलेला केरवा ताल चालतो.

आधी नेहमीच्या चालीत मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा. ९० पडली तर ठोकाही ९०. तो जमला की ९५ ते ९९. गोळीचा असर असताना, मोकळ्या जागेत, कुणाला तरी सोबत घेऊनच चाला.

इथेच चूक होते: उत्साहात लय एकदम वाढवली जाते. ज्यांचे पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे होतात, त्यांचं अडखळणं याने वाढू शकतं. त्यांनी मूळ वेगावर किंवा थोडं खालीच राहावं, आणि फिजिओथेरपिस्टकडून लय ठरवून घ्यावी.