रेसलमेनिया ३

रेसलमेनिया ३ : अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतील एक गाजलेला कार्यक्रम. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन (डब्ल्यूडब्ल्यूएफ, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीने तो २९ मार्च १९८७ रोजी मिशिगन राज्यातील पाँटिअ‍ॅक येथील सिल्व्हरडोम स्टेडियमात भरवला. एकूण १२ लढती झाल्या. शेवटच्या लढतीत हल्क होगनने आंद्रे द जायंटला उचलून आपटले आणि आपले विजेतेपद राखले.

‘व्यावसायिक कुस्ती’ हा शब्द इथे जपून घ्यायला हवा. निकाल आधी ठरलेला, डाव संगनमताचे, मार मात्र बऱ्यापैकी खरा, असा हा प्रकार आहे. आपल्याकडे ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि तो शब्द कौतुकाने कोणी वापरत नाही. अमेरिकेत त्याच गोष्टीचा उघड धंदा झाला. फक्त ती नुरा आहे हे बोलायचे नाही, एवढा दंडक होता. रिंगबाहेरही सोंग चालू ठेवण्याच्या या दंडकाला कुस्तीगीरांच्या बोलीत ‘केफेब’ म्हणत. तो किती कडक होता याचा नमुना याच काळातला आहे. या कार्यक्रमात जिम डगनने लाकडी फळी घेऊन आयर्न शेखवर हल्ला चढवला होता. दोनच महिन्यांनी हे दोघे हाडवैरी न्यू जर्सीत एकाच गाडीतून जाताना पोलिसांना सापडले आणि कंपनीने दोघांनाही काढून टाकले. पुढे १९८९ मध्ये क्रीडा नियामक मंडळाच्या जाचातून सुटण्यासाठी कंपनीनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे सांगितले, की आमचा खेळ म्हणजे करमणूक आहे.

पार्श्वभूमी : पूर्वी अमेरिकेत कुस्तीचे ठेकेदार मुलूख वाटून घेत आणि एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकत नसत. व्हिन्स मॅकमहनने १९८२ मध्ये वडिलांकडून कंपनी विकत घेतली आणि केबल टीव्हीच्या जोरावर ही वाटणी मोडीत काढली. पहिला रेसलमेनिया १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. दुसरा तीन शहरांत विभागून केला, तो विस्कळीत वाटला. तिसऱ्या वेळी सगळे एकाच ठिकाणी आणि भव्य करायचे ठरले.

त्यासाठी कथानकही तेवढेच मोठे हवे होते, पण ते रचले अगदी घरगुती. होगन आणि आंद्रे जिगरी दोस्त. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात होगनला तीन वर्षे विजेता राहिल्याबद्दल भलामोठा चषक देण्यात आला. मग १५ वर्षे अजिंक्य राहिल्याबद्दल आंद्रेलाही चषक मिळाला, पण होगनच्या चषकापेक्षा लहान. होगन कौतुक करायला आला आणि सगळे बोलणे स्वतःच करू लागला; आंद्रे काही न बोलता निघून गेला. पुढे तो आला तो बॉबी हीनन या खलनायकी मॅनेजरला घेऊन. आंद्रेने होगनला आव्हान दिले, त्याचा बनियन फाडला आणि गळ्यातला क्रूसही तोडला. लहान चषकावरून भावाभावांत वितुष्ट येते हे कोणत्याही गावच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

मैदान आणि गर्दी : सिल्व्हरडोम हे त्या काळी डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मैदान. त्याचे कापडी छत आतल्या हवेच्या दाबावर तोललेले असे. छतातून उजेड झिरपत असल्यामुळे चित्रफितीत सुरुवातीच्या लढती दिवसाच्या प्रकाशात दिसतात आणि संध्याकाळ होत जाते तसतशी रिंग दिव्यांखाली उठून दिसू लागते. कपडे बदलण्याच्या खोल्यांपासून रिंग इतकी लांब होती, की कुस्तीगीरांना आणण्यासाठी रिंगच्याच आकाराच्या, खांब आणि दोर लावलेल्या छोट्या मोटारगाड्या केल्या होत्या. आंद्रे त्या गाडीत उभा राहून आला, तेव्हा ती गाडी खेळण्यातली वाटत होती. सुरुवातीला डेट्रॉइटमध्येच वाढलेल्या अरीथा फ्रँकलिनने गाणे म्हटले.

प्रेक्षकांचा अधिकृत आकडा ९३,१७३ सांगितला गेला आणि कंपनी तो आजही सांगते. कुस्तीविषयी लिहिणारे पत्रकार डेव्ह मेल्टझर यांच्या मते तो ७८,००० च्या आसपास होता. बंदिस्त मैदानासाठी ७८,००० ही गर्दी काही थोडी नव्हे. पण जिथे माणसांची उंची-वजनेही वाढवून सांगितली जातात, तिथे डोकी तरी खरी का मोजावीत?

स्टीमबोट आणि सॅव्हेज : जाणकारांना विचारले तर ते होगन-आंद्रेचे नाव नंतर घेतात. रिकी स्टीमबोट आणि रँडी सॅव्हेज यांची इंटरकाँटिनेंटल विजेतेपदाची लढत हा या दिवसाचा खरा ऐवज आहे. सॅव्हेजने आधी रिंगची घंटा मारून स्टीमबोटचा गळा चेचला होता, हे कथानक. त्या काळी कुस्तीगीर शेवट तेवढा ठरवून घेत आणि पुढचा डाव रिंगमध्येच एकमेकांच्या कानात सांगत. सॅव्हेजला ते पटत नसे. त्याने सगळी लढत पायरीपायरीने कागदावर उतरवली आणि दोघांनी ती पाठ केली. साडेचौदा मिनिटांच्या या लढतीत खांदे टेकले की विजयासाठी तीनपर्यंत मोजणाऱ्या पंचाचा हात वीसच्या आसपास वेळा ‘दोन’वर येऊन थांबतो आणि दर वेळी प्रेक्षक अर्धे उभे राहतात. शेवटी सॅव्हेज तीच घंटा घेऊन दोरावर चढतो, स्टीमबोटच्या बाजूने आलेला जॉर्ज स्टील त्याला खाली ढकलतो आणि स्टीमबोट त्याची मोट बांधून खांदे टेकवतो. आजच्या पाठांतर केलेल्या लढतींची वंशावळ इथवर मागे नेता येते. त्यांतल्या बऱ्याच कंटाळवाण्या असतात, तो दोष मात्र सॅव्हेजचा नाही.

मुख्य लढत : कुस्ती म्हणून पाहिली तर ही लढत कच्ची आहे. सुमारे १२ मिनिटांतली कित्येक मिनिटे आंद्रेने होगनला कवेत आवळून धरण्यात जातात. तरीही ती पाहताना नजर हलत नाही. होगन सुरुवातीलाच आंद्रेला उचलायला जातो, पाठ दगा देते आणि तो महाकाय देह त्याच्याच अंगावर कोसळतो; पंच दोनपर्यंत मोजतो. त्यानंतरचा सगळा वेळ प्रेक्षक एकाच गोष्टीची वाट पाहतात.

जाहिरात होती, की आंद्रे १५ वर्षांत हरलेला नाही आणि त्याला कोणी उचलून आपटलेले नाही. दोन्ही खोटे. मेक्सिकोत कानेकने त्याला १९८४ मध्ये हरवले होते, आणि खुद्द होगनने ९ ऑगस्ट १९८० रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमात त्याला आपटले होते. ती कुस्ती आंद्रेने जिंकली. पण टीव्हीवर न दिसलेले लोकांनी पाहिलेच नाही, असे त्या काळी धरून चालता येत असे.

खरी गोष्ट जाहिरातीत नव्हती. फ्रान्समध्ये १९४६ साली जन्मलेल्या आंद्रेला वाढीच्या संप्रेरकाचा विकार होता, १९८६ मध्ये त्याच्या पाठीची शस्त्रक्रिया झाली होती आणि काळ्या पोशाखाआड त्याने पाठीला आधाराचा पट्टा बांधला होता. कंपनी त्याचे वजन ५२० पौंड, म्हणजे २३५ किलोच्या आसपास सांगे. इतक्या वजनाचा माणूस त्याच्या मर्जीशिवाय उचलला जात नाही. चालायलाही त्रास होणाऱ्या आंद्रेने ९० हजार म्हणवल्या गेलेल्या गर्दीपुढे स्वतःला उचलू दिले, म्हणून होगन मोठा झाला. होगन पुढे मुलाखतींतून हा प्रसंग सांगत राहिला आणि सांगण्यागणिक आंद्रेचे वजन वाढत गेले. आंद्रेचे १९९३ मध्ये पॅरिसमध्ये निधन झाले, होगनचे २०२५ मध्ये.

नंतर : ५ फेब्रुवारी १९८८ रोजी एनबीसी वाहिनीवर दोघे पुन्हा भिडले आणि ३ कोटी ३० लाख लोकांनी ते पाहिले, असे सांगतात. त्या वेळी पंचाच्या जुळ्या भावाकरवी होगनला हरवण्यात आले. प्रतिस्पर्धी एनडब्ल्यूए संघटनेत कुस्ती बहुधा सरस असे. २ एप्रिल १९८९ रोजी, पाचव्या रेसलमेनियाच्याच दिवशी, तिने न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये रिक फ्लेअर आणि स्टीमबोट यांची जवळपास तासभराची अप्रतिम लढत दाखवली. त्या अवाढव्य मैदानात बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या.

भारतात १९८७ मध्ये दूरदर्शनखेरीज वाहिनी नव्हती. फ्री स्टाईल म्हटले की मुंबईकरांना दारासिंग-किंगकाँग आठवत. होगन, सॅव्हेज ही नावे महाराष्ट्रातल्या पोरांना नव्वदच्या दशकात केबलमुळे आणि त्याहून जास्त डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांमुळे पाठ झाली. त्या पत्त्यांवर उंची आणि वजन छापलेले असे आणि ते कोणीही तपासत नसे.

सिल्व्हरडोम पुढे ओस पडले. ३ डिसेंबर २०१७ रोजी ते पाडण्यासाठी सुरुंग लावले. धमाके झाले, धूर निघाला, पण इमारत उभीच राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग लावले, तेव्हा ती पडली.