सांधे बरे होतात, झडप होत नाही

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडची कितीतरी घरं कुलूपबंद होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली. मग लेकराबाळांसह पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या उसाच्या फडात मुक्काम. कोपीत सगळे एकमेकांना खेटून झोपतात. एकाच्या घशातला जंतू दुसऱ्याच्या घशात जायला एवढी दाटी पुरते. हृदयाच्या झडपा बिघडवणाऱ्या रुमॅटिक हृदयरोगाची सुरुवात होते ती घशातूनच.

या जंतूचं नाव ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस. मुलांचा घसा धरतो तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे. चार-पाच जणांमागे एखाद्याच्याच घशात हा जंतू सापडतो. खोकला नाही, नाक वाहत नाही, पण ताप आहे, गिळताना दुखतं, मानेत गाठी लागतात आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, तर संशय याचा घ्यावा. हळद-मिठाच्या गुळण्यांनी आराम पडतो, जंतू मरत नाही. आठवडाभरात दुखणं आपोआप थांबतं आणि सगळे ते विसरतात.

दोन-तीन आठवड्यांनी त्याच पोराचा गुडघा सुजतो. तो उतरतो न उतरतो तोच घोटा धरतो. जंतू सांध्यात शिरलेला नसतो. त्याच्या अंगावरचं एम प्रथिन आणि हृदयातलं मायोसिन नावाचं प्रथिन यांची ठेवण काही अंशी सारखी असते. त्यामुळे जंतूला मारायला तयार झालेली प्रतिपिंडं आणि टी पेशी आपल्याच शरीरावर उलटतात. कधी मेंदूवरही त्याचा परिणाम होतो आणि हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात. मास्तरांना वाटतं पोरगं खोड्या करतंय, घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा. वय बहुधा 5 ते 15.

सांधे पूर्ण बरे होतात आणि इथंच हा आजार फसवतो. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप म्हणजे दोन फळ्यांचं कवाड. दर हल्ल्यात तिच्या फळ्या थोड्या सुजतात, जाड होतात, कडेला चिकटत जातात. एरवी 4 ते 6 चौरस सेंटिमीटर उघडणारी वाट वर्षानुवर्षांत दीडवर येते, तेव्हा कुठं धाप लागायला लागते.

नवा हल्ला टाळायचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: बेन्झाथिन पेनिसिलिन. 27 किलोवरच्या मुलाला 12 लाख युनिट, खोल स्नायूत, दर तीन ते चार आठवड्यांनी. इंजेक्शन चांगलंच दुखतं, पण पेनिसिलिनला न जुमानणारा ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस दवाखान्यात अजून कुणाला भेटलेला नाही. झडप कायमची बिघडली असेल तर हे इंजेक्शन किमान दहा वर्षं, किंवा चाळिशीपर्यंत. यातलं जे लांब असेल तितकं.

आता ही तारीख गळीत हंगामाला जुळवून पाहा. गावच्या आरोग्य केंद्रात सुरू झालेलं इंजेक्शन फडात कोण देणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांच्या यादीत हा आजार आहेही; पण त्या दिवशी पोरगं फडात वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करत असेल तर? औषधापेक्षा अवघड आहे ती तारीख पाळणं, असं मला वाटतं.

मुलींच्या बाबतीत हे बऱ्याचदा बाळंतपणातच उघड होतं. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं. अरुंद झडपेतून ते पुढं सरकत नाही, मागं फुप्फुसात तुंबतं. घरचे म्हणतात, अंगात रक्त नाही म्हणून दमतीय. अंबाजोगाईला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेल्यावर, इको (हृदयाची सोनोग्राफी) काढल्यावर खरं कारण कळतं.

झडप फार खराब नसेल तर जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते. 1980च्या दशकात जपानच्या कांजी इनोऊ यांनी ही पद्धत आणली. ते जमण्यासारखं नसेल तर झडप बदलायची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं बनवलेली भारतीय यांत्रिक झडप 1990मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. मात्र यांत्रिक झडपेबरोबर रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी जन्मभर येते आणि तिचा डोस ठरवायला रक्ताची वरचेवर तपासणीही. या गोळीवर असताना कोयता लागला तर रक्त लवकर थांबत नाही आणि दिवस राहिले तर पोटातल्या बाळालाही तिचा धोका असतो. म्हणून मूल हवं असलेल्या तरुण बाईला डॉक्टर कधी कधी प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप सुचवतात. ती काही वर्षांनी झिजते आणि छाती पुन्हा उघडावी लागते.